पोर्तुगालच्या प्रवासापुरती पोर्तुगीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बन, पोर्तो, सिंत्रा करायला निघालेले, मुलाकडे महिनाभर राहायला जाणारे, शिक्षणासाठी कोइंब्राला चाललेले अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पोर्तुगीज वाक्यं देवनागरीत, पोर्तुगालमधल्या उच्चारानुसार दिली आहेत. एखादं वाक्य वाचताना अडखळलात तर आधी प्रश्न ४ वाचा. एकच गोष्ट दोनदा सांगणं टाळलं आहे, त्यामुळे मधूनमधून ‘अमुक प्रश्न पाहा’ असं दिसेल.

१. चार दिवसांची तर ट्रिप आहे. इंग्रजीवर भागणार नाही का?

लिस्बन आणि पोर्तोच्या हॉटेलांत, विमानतळावर, पर्यटकांच्या रेस्टॉरंटांत आरामात भागतं. तरुण मुलं छान इंग्रजी बोलतात. अडतं ते गावच्या बसमध्ये, छोट्या स्टेशनावर, कोपऱ्यावरच्या कॅफेत, साठीच्या पुढच्या दुकानदाराशी आणि औषधाच्या दुकानात रात्री दहा वाजता. शिवाय तोंड उघडताच इंग्रजी सुरू करण्यापेक्षा आधी ‘बों दीया’ म्हटलं की समोरचा माणूस स्वतःहून इंग्रजीची खटपट करतो. तिथे दुकानात शिरताना नमस्कार न करणं उद्धटपणाचं मानतात.

२. निदान काय पाठ असायला हवं?

नमस्काराचे तीन: सकाळी ‘बों दीया’, दुपारच्या जेवणानंतर ‘बोआ तार्द’, अंधार पडल्यावर ‘बोआ नोइत’. ‘बोआ नोइत’ भेटतानाही चालतं, फक्त निरोप घेतानाच म्हणायचं असं नाही.

‘पुर फवोर’ किंवा ‘स फाश फवोर’ म्हणजे कृपया. ‘दिश्कुल्प’ म्हणजे माफ करा, आणि कुणाचं लक्ष वेधायलाही हेच. ‘कों लिसेंसा’ म्हणजे जरा वाट द्या. ‘नाउं पिर्सेबु’ म्हणजे मला समजत नाही. ‘फाला इंग्लेश?’ म्हणजे इंग्रजी येतं का? ‘सिं’ हो, ‘नाउं’ नाही. आभाराचं पुढच्या प्रश्नात.

आणि एक फार उपयोगी शब्द, ‘किरीया’. म्हणजे ‘मला हवं होतं’. ‘किरीया उं बिल्येत’ (तिकीट), ‘किरीया उं कफॅ’ (कॉफी), ‘किरीया पगार’ (पैसे द्यायचे होते). वस्तूचं नाव येत नसेल तर ‘किरीया’ म्हणून बोट दाखवा, काम होतं.

३. ‘ओब्रिगादु’ म्हणायचं की ‘ओब्रिगादा’?

बोलणारा पुरुष असेल तर ‘ओब्रिगादु’, बाई असेल तर ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याच्याशी संबंध नाही. ‘मी आभारी झालो’, ‘मी आभारी झाले’ असा तो प्रकार आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन पटतं. हाच नियम ‘सो इंदियानु / सो इंदियाना’ (मी भारतीय आहे) यालाही लागू.

४. लिहिलंय एक आणि ऐकू येतं भलतंच. उच्चार कसे धरायचे?

पोर्तुगालची माणसं स्वर गिळतात. शब्दाच्या मधले आणि शेवटचे ए, ओ जवळजवळ नाहीसे होतात, त्यामुळे कागदावर ओळखीचं दिसणारं वाक्य कानावर नुसतं व्यंजनांचं पडतं. ‘एस्ता’ हा शब्द ‘श्ता’ होऊन येतो. शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा स ‘श’ होतो: दोन म्हणजे ‘दोइश’, पोर्तुगीज भाषा ‘पुर्तुगेश’, आणि लिस्बन हे स्वतः ‘लिश्बोआ’. स्टेशनवरच्या फलकावर ‘लिस्बन’ हे इंग्रजी नाव शोधू नका, सापडणार नाही.

या पानावर ‘झ’ दिसला की ‘माझा’मधला वाचा. ‘झ्य’ लिहिलं आहे तिथे इंग्रजी ‘टेलिव्हिजन’मधला मऊ ज आहे. ‘ऱ’ म्हणजे घशातून खरवडून काढायचा र. नाही जमला तर साधा र म्हणा, कुणाचं काही अडत नाही. शेवटचा ‘आ’ आखूड, जवळजवळ ‘अ’.

नाकातले स्वर मात्र सोडू नका. ‘पाउं’ (पाव), ‘नाउं’ (नाही), ‘बंय’ (ठीक) हे नाकातूनच यायला हवेत. कोकणी किंवा मालवणी कानावर पडलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. बाकीच्यांनी ‘नाउं’ म्हणताना अनुस्वार थोडा लांबवला की पुरे.

५. अ‍ॅपवर शिकतोय, पण ते ब्राझीलचं पोर्तुगीज निघालं. सगळं वाया गेलं का?

वाया नाही. तुम्ही बोललेलं पोर्तुगालमध्ये सगळ्यांना कळतं. ब्राझिलियन मालिका तिथे वर्षानुवर्षं पाहिल्या जातात, आणि लिस्बनच्या कॅफेत वाढणारी व्यक्ती बऱ्याचदा ब्राझीलचीच असते. अडचण उलट बाजूने येते: तुम्हाला त्यांचं कळत नाही. ब्राझीलमध्ये स्वर मोकळे उच्चारतात, ‘दि’चा ‘जि’ आणि ‘ति’चा ‘ची’ होतो, म्हणून अ‍ॅपवर ‘बों जीया’ ऐकलेलं असतं आणि कानावर ‘बों दीया’ पडतं.

प्रवासाचे नेमके शब्द मात्र वेगळे आहेत, ते बदलून घ्या. रेल्वेगाडी ब्राझीलमध्ये ‘ट्रें’, पोर्तुगालमध्ये ‘कोंबॉयु’. बस तिकडे ‘ओनिबुस’, इकडे ‘आउतुकार्रु’. ट्राम तिकडे ‘बोंजी’, इकडे ‘इलॅत्रिकु’. न्याहारी तिकडे ‘कफे दा मान्यां’, इकडे ‘पिकेनु आल्मोसु’. स्वच्छतागृह तिकडे ‘बान्येइरु’, इकडे ‘काझा द बान्यु’. मोबाइल तिकडे ‘सेलुलार’, इकडे ‘तलिमॉवॅल’. ऐकायच्या सरावासाठी पोर्तुगालच्या सरकारी रेडिओ-टीव्हीच्या बातम्या लावा. आठवडाभर काही कळणार नाही, मग शब्द सुटे सुटे ऐकू येऊ लागतील.

६. मराठीत इतके पोर्तुगीज शब्द आहेत म्हणतात. प्रवासात त्यांचा काही उपयोग होतो का?

होतो, पण जपून. ‘बताता’ म्हणजे बटाटाच. ‘शाव’ म्हणजे चावी. हॉटेलात ‘अ शाव, पुर फवोर’ म्हटलं की झालं. ‘पगार’ हे तिथे पैसे देणं या अर्थाचं क्रियापद आहे आणि उच्चार थेट आपल्यासारखा. ‘मेझा’ म्हणजे टेबल: ‘ऊमा मेझा परा दोइश’, दोघांसाठी टेबल. गोव्याकडच्यांना ‘झ्यनॅला’ (खिडकी) ऐकल्यावर घरचं ‘जनेल’ आठवेलच.

घोळ होतो तो पेरूचा. मेनूकार्डावर ‘पिरू’ वाचलंत आणि पेरूचं काहीतरी गोड मागवलं असं वाटलं, तर ताटात टर्की कोंबडं येईल. ‘बीफ द पिरू’ म्हणजे टर्कीचा तुकडा. ‘पेरा’ म्हणजे नासपती. आपला पेरू हवा असेल तर ‘गोयाबा’. शाकाहारी वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

७. गोव्यात जाऊन सराव करता येईल का? शिकवणी कुठे मिळते?

गोवा पोर्तुगीज सत्तेखाली १५१० ते १९६१ होता, पण घराघरात बोलली जायची ती कोकणीच. पोर्तुगीज बोलणारी आता मुख्यतः जुन्या पिढीची, ठरावीक घरांतली माणसं. तेव्हा पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत दिसेल त्या आजोबांना ‘बों दीया’ घालत फिरू नका. शिकायचंच असेल तर पणजीत पोर्तुगीज सरकारच्या कामोइंश संस्थेचं भाषाकेंद्र आहे, आणि गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. दोन्हीकडे पोर्तुगालचा उच्चार शिकवतात, हा अ‍ॅपपेक्षा मोठा फायदा.

८. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर नेमकं काय बोलायचं?

पाठ केलेला प्रश्न कुणीही म्हणतं, पण खिडकीपलीकडून उत्तराचा जो लोंढा येतो त्यात माणूस बुडतो. म्हणून असे प्रश्न निवडा ज्यांचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत येईल.

‘उं बिल्येत द ईदा इ वॉल्ता परा सींत्रा, पुर फवोर’: सिंत्राचं एक जाऊन-येऊन तिकीट. फक्त जाण्याचं हवं तर ‘सॉ ईदा’. दोन तिकिटं असतील तर ‘दोइश बिल्येतश’. मग तुमचा प्रश्न, ‘क्वांतु ऍ?’ म्हणजे किती झाले, आणि उत्तर आकडा. ‘द क लीन्या पार्त?’ म्हणजे कुठल्या फलाटावरून सुटते? पुन्हा आकडा. तिथे फलाटाला ‘लीन्या’ नंबर असतो. आकडा नीट ऐकू आला नाही तर कागद पुढे करा, ‘पॉद श्क्रिवेर?’ (लिहून द्याल का?). यात कसलाही कमीपणा नाही.

गाडीत किंवा फलाटावर: ‘एश्त कोंबॉयु पारा अंय कुइंब्रा बे?’ ही गाडी कोइंब्रा-बीला थांबते का? लिस्बन-पोर्तो मार्गावरच्या लांबच्या गाड्या कोइंब्राच्या याच स्टेशनावर थांबतात. इथे ‘पारा’ लांब आहे, म्हणजे ‘थांबते’. आखूड ‘परा’ म्हणजे ‘-कडे, -साठी’. एका मात्रेचा फरक.

जागेसाठी ‘अ झ्यनॅला’ खिडकीजवळ, ‘नु कुऱ्ऱिदोर’ मधल्या वाटेकडे. बसायच्या आधी ‘एश्त लुगार श्ता लीव्र?’ ही जागा मोकळी आहे का? लिस्बन-पोर्तोच्या आल्फा पेंदुलार आणि इंतेरसिदादेश गाड्यांत जागा नंबरानुसार असते; डब्याला ‘कऱ्ऱुआझ्यंय’ म्हणतात आणि तिकिटावर डबा व जागा दोन्ही छापलेले असतात. सिंत्राची लोकल लिस्बनच्या रॉसियो स्टेशनाहून, समुद्रकाठच्या कश्काइश गावाची काइश दु सोद्रे स्टेशनाहून. या लोकलमध्ये जागेचा नंबर नसतो.

पासष्टी ओलांडलेल्यांना सरकारी रेल्वेत सवलत मिळते. ‘तंय दिश्कोंतु सॅनियोर?’ असं विचारा आणि पासपोर्ट दाखवा.

९. गाडी लेट झाली, रद्द झाली किंवा चुकली तर?

फलाटावरची घोषणा ऐका. ‘प्रुसिदेंत द’ नंतर येतं ते गाडी जिथून आली ते गाव, आणि ‘कों दिश्तीनु अ’ नंतर येतं ते तुमच्या कामाचं. एवढे दोन तुकडे पकडता आले तर बाकीचं सोडून द्या. फलकावर लेट गाडीपुढे ‘अत्राझादु’ किंवा मिनिटांचा आकडा दिसतो. ‘सुप्रिमीदु’ दिसलं तर, इंग्रजी ‘सप्रेस’वरून वाटेल तशी, गाडी दाबलेली नाही, रद्द झाली आहे.

रेल्वेचे संप तिथे अधूनमधून होतात आणि आधी जाहीर होतात. शब्द आहे ‘ग्रॅव’. आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा: ‘आ ग्रॅव अमान्यां?’ उद्या संप आहे का? 

‘पिर्दी उ कोंबॉयु’ म्हणजे माझी गाडी चुकली. हेच ‘पिर्दी’ वस्तू हरवली तरी वापरतात (प्रश्न १९). त्यानंतर ‘पॉसु त्रुकार उ बिल्येत?’ तिकीट बदलून मिळेल का?

१०. बस, ट्राम, मेट्रोत काय लागतं?

बोलणं कमी, ऐकणं जास्त. ‘प्रॉसिमा पराझ्यंय’ म्हणजे पुढचा थांबा. ‘पराझ्यंय’ हा शब्द बसथांब्यावरही असतो. लिस्बनमध्ये ‘नवेगांत’ आणि पोर्तोत ‘आंदांत’ नावाचं कार्ड घेऊन त्यात पैसे भरता येतात. भरायचं म्हणजे ‘कऱ्ऱगार’.

चालकाला सांगायचं असेल तर ‘पॉद अविझार-म?’ (मला सांगाल का?) म्हणा आणि थांब्याचं नाव दाखवा. लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये मुंगीला शिरायला जागा नसते, उतरताना ‘कों लिसेंसा, वो साइर’ म्हणत पुढे सरका. ‘कर्तइरीश्ताश’ असा शब्द पाटीवर दिसला तर पाकीट पुढच्या खिशात घ्या; खिसेकापूंची ती सूचना आहे.

११. रस्ता विचारला, समोरच्याने दोन मिनिटं समजावलं, मला काहीच कळलं नाही. आता?

प्रश्न बदला. ‘ओंद फीका...?’ (कुठे आहे?) हा मोकळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर कितीही लांब येतं. त्याऐवजी हातवारे करत ‘ऍ पुर अकी?’ (इकडून का?) विचारा. उत्तर ‘सिं’ किंवा ‘नाउं’. मग ‘ऍ लोंझ्य?’ लांब आहे का? ‘दा परा इर अ पॅ?’ चालत जाता येईल का?

तरी दिशांचे शब्द कानाला ओळखीचे हवेत. ‘आ श्केर्दा’ डावीकडे, ‘आ दिरइता’ उजवीकडे, ‘सेंप्र अंय फ्रेंत’ सरळ, ‘ऱुतुंदा’ गोल चौक. आणि ‘दिरइतु’, शेवटी उ आला, तर काही जण ‘सरळ’ अशा अर्थानेही म्हणतात. म्हणून बोट कुठे जातंय ते बघा. फारच घाई वाटली तर ‘माइश दिवगार, पुर फवोर’, जरा सावकाश.

१२. आकडे ऐकताना गोंधळ उडतो. काय करावं?

एक ते दहा: उं (स्त्रीलिंगी ऊमा), दोइश (स्त्रीलिंगी दूआश), त्रेश, क्वात्रु, सींकु, सइश, सॅत, ओइतु, नॉव, दॅश. हे जमतात. फसवतात ते साठ आणि सत्तर: ‘सिसेंता’, ‘सितेंता’. फोनवर, गोंगाटात दोन्ही सारखेच. भाव ऐकताना खात्री नसेल तर यंत्रावरचा आकडा बघून मगच कार्ड लावा.

छापील किमतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. १२,५० म्हणजे साडेबारा युरो, बाराशे पन्नास नाही. वाचतात ‘दोझ इ सिंक्वेंता’. वेळापत्रक चोवीस तासांचं: १५.४० ला ‘कींझ इ क्वरेंता’. बोलताना मात्र ‘त्रेश इ मइया’ म्हणजे साडेतीन. ‘मइया’ एकटा म्हणजे अर्धा. ब्राझीलचा माणूस फोन नंबर सांगताना सहाला ‘मेइया’ म्हणतो, अर्धा डझन या हिशेबाने, हेही लक्षात असू द्या.

१३. ‘सिगुंदा’, ‘तेर्सा’ हे वार आहेत की क्रमांक?

दोन्ही. रविवार पहिला धरून मोजायचं, आपल्या कॅलेंडरसारखं. सोमवार ‘सिगुंदा फइरा’ म्हणजे दुसरा, मंगळवार ‘तेर्सा’, बुधवार ‘क्वार्ता’, गुरुवार ‘कींता’, शुक्रवार ‘सइश्ता’. शनिवार ‘साबदु’ आणि रविवार ‘दुमींगु’ यांना मात्र नावं आहेत. हे पाठ असावं, कारण बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. लिस्बनचा जेरोनिमोस मठसुद्धा. बसच्या वेळापत्रकात ‘दीयाश ऊतइश’ म्हणजे कामाचे दिवस, ‘फिरियादुश’ म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या.

१४. हॉटेलात किंवा भाड्याच्या घरी काय लागेल?

‘तेन्यु ऊमा ऱिझॅर्वा’, माझं बुकिंग आहे. ‘पॉसु दइशार अश मालाश अकी?’ बॅगा इथे ठेवू का? ‘नाउं आ आग्वा केंत’, गरम पाणी येत नाही. ‘अ क ऑराश ऍ उ पिकेनु आल्मोसु?’ न्याहारी किती वाजता?

भाड्याच्या घराचा पत्ता वाचताना: आर आणि सी अशी अक्षरं मध्ये तिरपी रेघ देऊन असतील तर तळमजला, ‘ऱॅश दु शाउं’. मजले आपल्यासारखेच, तळमजल्यावर पहिला. आकड्यापुढे ‘ई-एस-क्यू’ म्हणजे जिन्याच्या डावीकडचं घर, ‘डी-टी-ओ’ म्हणजे उजवीकडचं. दारावर घरमालकाचं नाव बहुधा नसतं, बेलपाशी एवढीच अक्षरं. चुकीची बेल दाबलीत तर ‘दिश्कुल्प’ आहेच.

१५. मी शुद्ध शाकाहारी आहे. कसं सांगू?

‘सो विझ्यितरियानु’ (बाई असाल तर ‘विझ्यितरियाना’) एवढ्यावर थांबू नका. कित्येकांच्या हिशेबी मासे वेगळे, ट्यूना तर सॅलडमध्ये चालायलाच हवा. पूर्ण यादी द्या: ‘नाउं कोमु कार्न, नंय पइश, नंय मरीश्कु, नंय ऑवुश’. मांस नाही, मासे नाही, कोळंबी-शिंपले नाही, अंडी नाही.

मग प्रत्येक पदार्थासाठी ‘लॅवा कार्न?’ म्हणजे यात मांस घालतात का? हाच प्रश्न सूपसाठी वाचवतो. ‘काल्दु वेर्द’ हे हिरव्या पालेभाजीचं सूप दिसायला निरागस, पण त्यात ‘शोरीसु’ या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती टाकतात. ‘संय शोरीसु’ म्हटलंत तर चकती काढून देतील, सूप मात्र तिच्यातच उकळलेलं असू शकतं. ‘सोपा द लिगूमश’ म्हणजे भाज्यांचं सूप. त्यासाठीही एकदा ‘लॅवा कार्न?’ होऊन जाऊ दे. जैन मंडळींसाठी ‘संय आल्यु नंय सिबोला’, लसूण-कांद्याशिवाय. आणि प्रसिद्ध ‘पश्तॅल द नाता’मध्ये अंड्याचा बलक भरपूर असतो. अंडी न खाणाऱ्यांनी त्याचा नाद सोडावा.

१६. न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं आणि बिलात लावलं. ही फसवणूक का?

प्रथा आहे, नाव ‘कुवॅर’. टेबलावर आलं म्हणून फुकट असं समजू नका, पण न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे कायद्याने लावता येत नाहीत. नको असेल तर आल्या आल्या ‘नाउं, ओब्रिगादु’ म्हणून परत पाठवा. अर्धा पाव खाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

वाढप्याला हाक मारताना चुटकी किंवा शिट्टी नको, ‘ऑल्य, स फाश फवोर’ म्हणा. बिलासाठी ‘अ कोंता, पुर फवोर’. पैसे देताना गल्ल्यावर एक घाईचा प्रश्न येतो ज्याच्या शेवटी ‘कोंत्रिबुइंत?’ ऐकू येतं. पावतीवर तुमचा तिथला करक्रमांक घालायचा का, एवढंच ते विचारत असतात. पर्यटकाचं उत्तर ‘नाउं, ओब्रिगादु’. दुकानात ‘दीगा’ ऐकलंत तर ‘बोला, काय हवं’, आणि ‘माइश अल्गूमा कोइझा?’ म्हणजे आणखी काही?

छोट्या ठिकाणी ‘मुल्तिबांकु’ (तिथल्या बँकांची कार्डव्यवस्था) एवढीच पाटी असेल तर परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही. थोडे सुटे युरो जवळ ठेवा.

१७. चहा आणि गरम पाणी कसं मागायचं?

चहाला ‘शा’. आपल्यासारखा उकळलेला मिळत नाही. ‘शा प्रेतु कों लइत केंत’ म्हणजे काळा चहा गरम दुधासह. ‘केंत’ विसरलात तर दूध थंड येईल. त्यापेक्षा ‘मइया द लइत’ घ्या, अर्धी कॉफी अर्धं दूध, आपल्या जिभेला जवळची. गरम पाण्यासाठी ‘उं कॉपु द आग्वा केंत’. नुसतं पाणी मागितलं की ‘फ्रेश्का ओ नतुराल?’ असं विचारतील: गार की साधं.

१८. औषधाच्या दुकानात काय सांगू?

हिरवा क्रॉस असलेलं दुकान शोधा. रात्री सगळी बंद असतात, एखादं पाळीवर उघडं असतं, त्याला ‘फर्मासिया द सर्वीसु’. बोट ठेवून ‘दॉय म अकी’, इथे दुखतंय. ‘तेन्यु फॅब्र’, ताप आहे.

‘कोंश्तिपादु’ हा शब्द इंग्रजीवरून अंदाजाने वापरू नका. त्याचा अर्थ सर्दी झालेला असा आहे आणि तुम्हाला नाकाचा फवारा मिळेल. पोट साफ होत नसेल तर ‘प्रिझाउं द वेंत्र’. तातडीची मदत ११२ वर; ‘सुकोर्रु!’ म्हणजे वाचवा.

१९. पासपोर्ट हरवला किंवा चोरी झाली तर?

‘पिर्दी उ पसपॉर्त’, पासपोर्ट हरवला. चोरी असेल तर पुरुषाने ‘फुइ ऱोबादु’, बाईने ‘फुइ ऱोबादा’. पोलिसात तक्रारीची प्रत मागून घ्या, ‘ऊमा कॉपिया, पुर फवोर’, कारण लिस्बनच्या भारतीय दूतावासात आणि विम्यासाठी ती लागते. तपशील सांगताना मात्र मोडक्या पोर्तुगीजचा हट्ट धरू नका, सरळ इंग्रजी बोलणारा माणूस मागा.

२०. तू, तुम्ही, आपण यातलं कुठलं वापरू?

‘तु’ म्हणजे तू, ओळखीत आणि तरुणांत. पुस्तकात दिलेला ‘वॉसे’ ब्राझीलमध्ये रोजचा आहे, पण पोर्तुगालमध्ये अनोळखी वडीलधाऱ्याला तोंडावर म्हटला तर कित्येकांना खटकतो. आदराने ‘उ सिन्योर’, ‘अ सिन्योरा’. याहून सोपी पळवाट तिथली माणसं स्वतःच वापरतात: सर्वनाम गाळायचं. ‘फाला इंग्लेश?’, ‘पॉद रिपितीर?’ यात कुठलंच सर्वनाम नाही आणि दोन्ही अदबीची आहेत. या पानावरची वाक्यं म्हणूनच तशी दिली आहेत.

२१. कुठे गेलो, कुठे जाणार अशा गप्पा मारायच्या आहेत. ‘अ’, ‘परा’, ‘अंय’, ‘नु’ यात डोकं फिरतं.

‘वो अ लिश्बोआ’: लिस्बनला जातोय, परत येणार. ‘वो परा लिश्बोआ’: राहायलाच चाललोय, किंवा तिथेच घर आहे. अपवाद तिकिटाचा, तिथे दिवसभराची सहल असली तरी ‘परा सींत्रा’च (प्रश्न ८).

‘-मध्ये’ सांगताना काही गावा-देशांना उपपद लागतं, काहींना नाही. ‘अंय पुर्तुगाल’, ‘अंय लिश्बोआ’, ‘अंय गोआ’, ‘अंय पुणे’. पण ‘नु पोर्तु’, ‘नु ब्रझील’, ‘न इंदिया’, ‘न मदइरा’. नियम शोधत बसू नका, जिथे जाणार तेवढ्यांची रूपं पाठ करा. वाहनाला ‘द’: ‘द कोंबॉयु’, ‘द आउतुकार्रु’. पायी मात्र ‘अ पॅ’.

गप्पांना पुरेल एवढं: ‘सो द इंदिया’, मी भारतातला. ‘श्तो द फॅरियाश’, सुट्टीवर आलोय. ‘श्तीव अंय सींत्रा, गुश्तइ मुइंतु’, सिंत्राला गेलो होतो, फार आवडलं. ‘झ्या श्तेव न इंदिया?’ तुम्ही भारतात आला आहात का? भारत म्हटलं की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा गोव्याचा येतो, तेव्हा त्याचं उत्तर तयार ठेवा. समोरचा मध्येमध्ये ‘पोइश, पोइश’ करत राहील. ते आपलं ‘हं, हं’.

२२. स्पॅनिश येतं. ते चालवू का? आणि हिंदी?

स्पॅनिश त्यांना कळतं, पण पोर्तुगाल म्हणजे स्पेनचाच तुकडा अशा थाटात सुरुवात केलेली आवडत नाही. आधी ‘बों दीया’, मग विचारून स्पॅनिश. ‘ग्रासियास’ (स्पॅनिशमधले आभार) मात्र टाळा. हिंदीचं म्हणाल तर लिस्बनच्या मार्तीं मुनीश भागातल्या दुकानांत आणि कित्येक टॅक्सींत ती बिनदिक्कत चालते. नेपाळ, बांगलादेश, पंजाबकडची खूप माणसं तिथे आहेत.

२३. आई-बाबा पहिल्यांदाच एकटे येताहेत. त्यांना काय शिकवू?

प्रश्न २ मधले नमस्कार, ‘ओब्रिगादु/ओब्रिगादा’, ‘काझा द बान्यु’ आणि गरम पाण्याचं वाक्य (प्रश्न १७). बाकी कागदावर, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज लिहून द्या: घरचा पत्ता, तुमचा नंबर, औषधांची नावं, खाण्याचं पथ्य. दाखवलेला कागद उच्चारापेक्षा भरवशाचा.

एक दार मात्र समजावून सांगा. काचेच्या दारावर पी-यू-एक्स-ई अशी अक्षरं असतात आणि त्याचा उच्चार ‘पूश’. इंग्रजी कानाला ते ‘ढकला’ वाटतं, अर्थ ‘ओढा’. ढकलायच्या दारावर ‘एंपूर्र’ असतं.

२४. हीच वाक्यं मोझांबिक, अंगोला किंवा मकाऊत चालतील का?

मोझांबिक आणि अंगोलात चालतील. तिथलं पोर्तुगीज शब्दांच्या बाबतीत ब्राझीलपेक्षा पोर्तुगालच्या जवळचं आहे आणि स्वर इतके गिळत नाहीत, त्यामुळे ऐकायला उलट सोपं. शब्द थोडे स्थानिक: मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, माणसांनी भरून धावणाऱ्या मिनीबसला ‘शापा’ म्हणतात. मकाऊत रस्त्यांच्या पाट्या पोर्तुगीजमध्ये आहेत, पण बोलणं कँटोनीजमध्ये. तिथे ही वाक्यं पाट्या वाचायला कामी येतील, टॅक्सीवाल्याशी बोलायला नाहीत.